तांडेलाचा हात

माझ्या बापाने फुटबॉलची मॅच हरवली. खेळून नव्हे हां, नुसता उभा राहून. त्याने आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता, लायनीच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं. तरी मॅच त्यानेच हरवली आणि ते अख्ख्या श्रीवर्धनने बघितलं. मी पण बघितलं. अजून आठवलं की कोयता हातात तसाच राहतो आणि समोरचं गिऱ्हाईक बोलतं, "रचनाताई, सुरमई कापताय ना?"

पहिल्यापासून सांगते. अर्धंमुर्धं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, मग मला तुमच्याशी भांडावं लागेल, आणि माझं भांडण काय चीज आहे ते बाजारात कोणालाही विचारा.

माझा बाप सदा, दिघीच्या कोळीवाड्यातला तांडेल. म्हणजे बोटीचा मुख्य, सुकाणू त्याच्या हातात. माझा धाकटा भाऊ हितेश त्याच बोटीवर खलाशी, आणि कोळीवाड्याच्या संघाचा गोलकीपर. हा संघ म्हणजे खाडी एफसी. हसू नका, हिंद लीगमध्ये खेळायचा तो. देशभरातले संघ असायचे त्यात, आणि सगळे आमच्यासारखेच. कोणी पोलिसात, कोणी रिक्षा चालवणारा, कोणी बँकेत शिक्के मारणारा. आधी पोटाचं बघायचं, मग खेळायचं. थोडंफार मानधन मिळायचं, टीव्हीवर कधीमधी दिसायचे, आणि आमच्या वाडीला तेवढ्यावर आभाळ ठेंगणं व्हायचं.

संघाचे कोच परेश सर. शाळेत पीटी शिकवायचे. पुढे खेळणारे सहा जण त्यांनी बाहेरून जमवले, पण मागची फळी सगळी आमच्या बोटीची ठेवली. हितेश गोलात आणि त्याच्यापुढे गणराज, अंबाजी आणि आणखी दोघे खलाशी. सर सांगायचे, "ही चार पोरं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, आणि एकाच वेळी हलतात. हे मी शिकवलेलं नाही. हे तुमच्या बाबांचं काम आहे." बाबा ते ऐकून नुसता मान खाजवायचा.

ते काम कसं, ते सांगते. समुद्रात जाळं सोडताना इंजिन एवढं धडधडत असतं की शेजारच्याची हाकही ऐकू येत न्हाई. दोर सपासप बाहेर पळत असतो. त्यात कोणाचा पाय अडकला, तर माणूस जाळ्याबरोबर पाण्यात. म्हणून आमच्याकडे एकच खूण. तांडेलाने हात वर केला की जो जे करत असेल ते तिथेच सोडून थांबायचं. इंजिन बंद, हात बंद, तोंड बंद. का म्हणून विचारायचं न्हाई. विचारायला वेळच नसतो.

आणि म्हणूनच बाबा उगाच कधी हात वर करायचा न्हाई. कोणाला हाक मारताना न्हाई, आरतीत न्हाई, नाचताना तर न्हाईच. माझं लग्न होऊन श्रीवर्धनला निघाले तेव्हा सगळी वाडी टेम्पोमागे हात हलवत होती आणि माझा बाप दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. मी एवढी रडले! नवऱ्याला बोलले, बघा, माझ्या बापाला माझं काही न्हाई. हितेश निवड-शिबिराला आगरदांड्याच्या फेरीबोटीत बसला तेव्हाही तसंच. धक्क्यावर सगळे हात हलवतायत आणि बाबा हात मागे घेऊन पाण्याकडे बघतोय. आई बोलली, "अगं, हात वर झाला की सगळं थांबतं ना. भीती बसलीय त्यांना त्या हाताची." मला तेव्हा ते काही पटलं न्हाई.

तर यंदाच्या जानेवारीत बातमी आली की हिंद लीग बंद होणार. चालू सीझन शेवटचा. चालवणाऱ्यांना झेपत न्हाई म्हणे. वाडीत सुतक पडल्यासारखं झालं. पण बातमीला शेपूट होतं. या शेवटच्या सीझनला जो संघ पहिला येईल, त्याला वरच्या मोठ्या लीगमध्ये घेणार. खेळाडूंना पूर्ण वेळ पगार. बाकीच्यांनी जर्सी धुवायची आणि घडी घालून ठेवायची.

हितेश तिशीला टेकलेला. एवढ्या वयाच्या गोलकीपरला दारात कोण उभं करतं? त्याला ठाऊक होतं की हे एकच दार आहे आणि तेही मिटत चाललंय. मासे मारून आले की लोक झोपतात, हा किनाऱ्यावर जाऊन ओल्या वाळूत उड्या मारायचा. आईला म्हणायचा, "आये, एकदा तरी मला नुसतं खेळून दमायचंय." बाबा यावर चांगलं बोलला न्हाई, वाईटही बोलला न्हाई. तो काय बोलतो? वारा फिरला तरी दोन शब्दांत सांगतो.

पोरं अशी काही खेळली की विचारू नका! एप्रिलच्या शेवटी शेवटची मॅच आमच्याच मैदानात, श्रीवर्धनला, केरळच्या संघाशी. ते दुसरे, आम्ही पहिले. बरोबरी झाली तरी आम्हाला पुरे होती.

आता जाळ्याचं ऐका, कारण सगळं तिथेच अडलं. मैदानावरच्या गोलाची जाळी फाटली होती. बंद पडायला निघालेल्या लीगला नवी पाठवायची कुठून सुचणार? बाबा बोलला, "जाळ्यासाठी कोनाच्या दारात जायचं? आपन कोन हाव?" त्याने आणि खलाशांनी जुनं जाळं काढलं, उसवलं, विणलं, दोन्ही गोलांना बांधलं. झकास दिसत होतं. फक्त आम्ही बांधतो तसं बांधलं होतं, खाली सैल सोडून. समुद्रात जाळं ताणून कोण बांधतं? ताणलं तर फाटतं. रेफरीने हलवून बघितलं आणि हसून मान डोलावली. परेश सर बोलले, "व्वा, सदाभाऊ!" बाबाच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं हसू आलं होतं, मी बघितलं.

मॅचला माणूस मावत नव्हता. कोळणी टोपल्या बाजूला ठेवून आल्या होत्या. आई नीराबाई, जिला ऑफसाईड म्हणजे काय ते मेली तरी कळणार न्हाई, ती सगळ्यांत पुढे. बाबा हितेशच्या गोलाच्या बाजूला, लायनीबाहेर, हात पाठीमागे बांधून उभा. त्यांनी एक मारला, आपण एक मारला. मग नुसती धुमश्चक्री. शेवटची काही मिनिटं राहिली.

त्यांच्या एकाने लांबून फटका मारला. हितेश उडाला. अगं बाई, काय उडाला! बोटांनी चेंडू वरच्या दांड्यावर ढकलला आणि स्वतः पाठीवर मागे, सरळ जाळ्यात जाऊन पडला. चेंडू दांड्यावर आपटून परत मैदानात आला, तो नेमका गणराजच्या पायाशी. आजूबाजूला कोणी न्हाई. त्याने नुसता लांब मारून दिला असता की झालं होतं. आम्ही ओरडायला तोंडं उघडली होती.

तेवढ्यात बाबाचा हात वर झाला.

मी गणराजला बघत होते म्हणून सांगते. त्याने पाय उचलला होता चेंडू मारायला. तो पाय त्याने खाली ठेवला आणि थांबला. अंबाजी धावत होता, तो थांबला. उरलेले दोघे थांबले. चारही जण जागच्या जागी, हात बाजूला, मान बाबाकडे. केरळचा पोरगा आला, त्यालाच काही कळेना, तो गणराजच्या तोंडाकडे बघतोय, रेफरीकडे बघतोय. शिट्टी न्हाई. मग त्याने गणराजच्या पायाजवळून चेंडू काढून घेतला आणि हळूच, अगदी हळूच गोलात ढकलला. हितेशच्या अंगाला घासून गेला तो. हितेशला उठता येत नव्हतं. त्याच्या बुटाच्या खिळ्यांत खालचं सैल जाळं गुंतलं होतं.

मैदानात कोणी ओरडलंच न्हाई. केरळवालेसुद्धा गप्प. मी, जिची हाक बंदरावरून बाजारात ऐकू जाते, ती मी नुसती उभी. आईने माझा दंड धरला आणि विचारलं, "काय झालं गं? थांबले का सगळे?"

मग एकदम कल्लोळ उठला. आणि त्या कल्लोळात माझा बाप लायन ओलांडून आत गेला, गोलात गुडघ्यावर बसला आणि हितेशच्या बुटातनं एकेक फास सोडवायला लागला. लोक त्याला आईबहिणीवरून बोलत होते. रेफरी त्याला बाहेर हो म्हणत होता. तो खाली मान घालून फास सोडवत होता. हितेश त्याच्याकडे बघत नव्हता. केरळची पोरं तिकडे एकमेकांच्या अंगावर पडून नाचायला लागली होती, तिकडे बघत होता.

पुढे काही झालं न्हाई. शिट्टी वाजली, सीझन संपला, लीग संपली.

परेश सर एवढे सभ्य गृहस्थ, पण गणराजची जर्सी धरून त्याला गदागदा हलवत होते. "थांबलास का? शिट्टी ऐकलीस?"

"न्हाय सर."

"मग?"

"तांडेलाचा हात वर झाला."

"अरे, हे मैदान आहे! बोट आहे का ही?"

"मैदान हाय ते दिसत हुतं मला," गणराज बोलला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याने मोजा खाली केला. घोट्याभोवती दोराचा काळा वळ. "दोन वर्सांपूर्वी ह्यो पाय दोरात गेला, तवा पन हात वर झाला हुता. तवा कोन थांबला नसता, तर मी तुमच्याकडं खेळायला आलोच नसतो सर."

सरांनी त्याची जर्सी सोडली आणि ते तिथेच खाली बसले.

बाहेर पडताना गेटजवळ कोणीतरी मागून बोललं, "सदाला पोरगा सोडायचा नव्हता बोटीवरून. बरोबर वेळ साधली म्हाताऱ्याने." मी गर्रकन वळले. त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली, त्याला पळता भुई थोडी केली. पण ती गोष्ट आत शिरली ती शिरली. काटा घशात अडकला की भात गिळला तरी तो जात न्हाई, तसं झालं. हितेश गेला असता तर बाबाचं काय राहिलं असतं? मी लग्न करून गेलेली. आई थकलेली. आणि या माणसाने एकदा तरी पोराला म्हटलं होतं का, की जा, खेळ?

मी त्या संध्याकाळी नवऱ्याबरोबर घरी गेलेच न्हाई, दिघीला माहेरी आले. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाबा आणि हितेश ताटावर बसलेले, दोघं दोन भिंतींकडे तोंड करून. मला राहवेना.

"बाबा, खरं सांग. मुद्दाम केलंस का?"

आईचा हात परातीत थांबला. हितेश वळला न्हाई, पण घास घ्यायचा थांबला. त्यालाही तेच विचारायचं होतं, ते कळत होतं मला.

"पाय अडकला व्हता त्याचा," बाबा बोलला.

"गोलपोस्टात कोण बुडून मरतं, बाबा?"

"न्हाय मरत."

"मग?"

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "ते हाताला कुठं म्हायती?" बोलला.

मला त्याचा एवढा राग आला! हे काय उत्तर झालं? पोराचं आयुष्य गेलं आणि हा हातावर ढकलतो. मी बोलले, नको ते बोलले, की तुला तो जायलाच नको होता, तू आतून खूश असशील. हितेश ताट तसंच सोडून उठला आणि बाहेर गेला. भाकरी तव्यावर करपली, कोणी उलटली न्हाई.

सकाळी बोट निघायची होती. मॅच हरली म्हणून मासे थांबत न्हाईत. खलाशी बर्फ चढवत होते. हितेशही आला होता, उतरलेल्या चेहऱ्याने. मी आईबरोबर धक्क्यावर डबे घेऊन उभी होते. तेवढ्यात किहीमकडचा एक दांडगा पोरगा खांद्यावर बॅग टाकून आला आणि बाबाच्या पाया पडला.

"आलो तांडेल. कुठे ठेवू सामान?"

"हा कोण?" मी विचारलं.

"मी दिपेश," तो हसून बोलला. "हितेशदादाच्या जागेवर. तांडेल स्वतः आलेले आमच्याकडे, गेल्या महिन्यात. बोलले, पोरगा माझा मोठ्या लीगला चाललाय, मॅच झाली की दुसऱ्या दिवशी ये. मी तिथलं काम सोडूनच आलो." मग त्याने आमचे चेहरे बघितले आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. "म्हणजे... जिंकले ना?"

देवाशपथ सांगते, त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी स्वतःहून आत उडी मारली असती. बर्फाची लादी अंबाजीच्या हातातून निसटली आणि फुटली. कोणी खाली बघितलं न्हाई. सगळे बाबाकडे बघत होते, आणि हितेश सगळ्यांत जास्त.

"तू धरूनच चाललेलास?" त्याने विचारलं. "मी जिंकणार म्हणून?"

"मग काय," बाबा बोलला, "हरायला पाठवलेला तुला?"

मला तर काल जे बोलले त्यातला एकेक शब्द आठवायला लागला. पोराला मुठीत धरणारा माणूस त्याची जागा महिनाभर आधी दुसऱ्याला देऊन येतो का? आणि ते घरात कोणाला सांगतसुद्धा न्हाई, नजर लागेल म्हणून.

दिपेश बिचारा बॅग परत खांद्यावर घ्यायला लागला. "मी जातो तांडेल. आता हितेशदादा आहेत म्हटल्यावर..."

"ठेव ती बॅग," बाबा बोलला. "शब्द दिलाय तुला. मी न्हाय येत. सुकाणू हितेश धरंल."

"तांडेल!" गणराज ओरडला. "काय बोलताव? तांडेल तुमीच."

"आईक," बाबा बोलला. त्याला एवढं बोलताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "काल ह्यो हात चुकला. चुकला तर चुकला. पन आता उद्या कोनाचा पाय अडकंल आन् मला वाटंल, खरंच अडकला का? मी इचार करीन. आन् इचार केला तर मानूस गेला. ज्याला हाताचा इचार पडला त्यानं सुकाणू धरू नये." त्याने हितेशकडे बघितलं. "तुझा हात अजून चांगला हाय. काल उडालास तवा बगितला मी."

आईने तोंडाला पदर लावला. हितेशने वाकून बाबाच्या पायाला हात लावला आणि बोटीत उतरला. सुकाणूजवळ गेला. बाकीचे आपापल्या जागी गेले. दिपेशला हितेशची जुनी जागा मिळाली.

बोट धक्क्यापासून सुटली. आई हात हलवत होती, मी हात हलवत होते. बाबा माझ्या शेजारी, नेहमीसारखे हात पाठीमागे. जन्मात पहिल्यांदा तो बोटीला धक्क्यावरून बघत होता. मग त्याची मागची मूठ सुटली. उजवा हात पुढे आला, खांद्यापर्यंत गेला, जरा अडखळला, आणि वर झाला. त्याला बिचाऱ्याला पोराला टाटा करायचा होता.

इंजिन बंद.

खाडीत एकदम शांत झालं. गणराजच्या हातातला दोर तसाच. अंबाजी वाकलेला तसाच. सगळे मागे वळून बाबाकडे बघतायत. एकटा दिपेश दोर गुंडाळत होता, त्याला अजून काही माहीतच नव्हतं. आणि माझा बाप हात वर धरून उभा, तो खाली कसा घ्यायचा तेच विसरल्यासारखा.

"अरे जा रे मेल्यांनो!" मी बोंबलले. रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं. "काही अडकलं न्हाई कोणाचं! बाबा टाटा करतोय!"

बोटीवर कोणी हललं न्हाई. मग सुकाणूजवळ हितेश उभा राहिला आणि त्याने आपला हात वर केला, सरळ, पूर्ण वर.

माझ्या शेजारी बाबा जागच्या जागी थांबला. हलवायला घेतलेला हात तसाच, मान पोराकडे, तोंड बंद. इंजिन परत सुरू होईपर्यंत तो हलला न्हाई.